एक 'जी' लावायला काय जातं?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, तेही चिडून. सी प्रोग्रॅमिंगशी संबंध नसलेल्या नातेवाइकांनीही वाचा, गोष्ट घरातल्याच पोराची आहे.

माउलींच्या पालखीचा मुक्काम होता म्हणून ताईकडे फलटणला गेलो होतो. दर्शन घेऊन आलो तर भाचेबुवा लॅपटॉपपुढे तोंड पाडून बसलेले. लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम चालवला की 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढंच सांगून मरतो. दोन दिवस तेच. पठ्ठ्याने तीसेक प्रिंटएफ पेरले होते. त्यातही गंमत अशी, की ओळ संपल्याची खूण नसेल तर मजकूर बफरमध्येच अडकतो, प्रोग्रॅम आधीच मरतो आणि संशय भलत्याच ओळीवर जातो.

"मामा, सी काय माझ्या डोक्यात शिरायचं नाही."

"कंपाइल करताना मायनस जी देतोस का?"

"ते काय असतं?"

संताप आला तो इथे! दुसरं वर्ष चालू आहे आणि याला कुणी एवढंही सांगितलेलं नाही.

कंपायलर सीच्या यंत्राला कळणाऱ्या आज्ञा करतो, तेव्हा ओळींचे क्रमांक नि लोकल व्हेरिएबलांची नावं मागेच राहतात. मायनस जी दिलं की जीसीसी त्यांची नोंदवही फाइलीतच ठेवतो: कुठली आज्ञा कुठल्या ओळीतली, कुठलं व्हेरिएबल कुठे. आम्ही ते दिलं, जीडीबीत चालवलं, 'बीटी' टाइप केलं. ओळ ४३. शेवटच्या नोडच्या पुढे पाऊल, पॉइंटर नल. पाच मिनिटं लागली.

यावर ठरलेले आक्षेप येतात. म्हणे फाइल फुगते. फुगते, कबूल, पण प्रोग्रॅम चालताना ती नोंदवही मेमरीत चढत नाही. म्हणे प्रोग्रॅम मंदावतो. साफ चूक! मायनस जीने आज्ञा बदलत नाहीत, आणि जीसीसीत ते ओ-टू बरोबरही चालतं. तेव्हा काही व्हेरिएबलं 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसतात, म्हणून तर २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून ओ-जी आहे. म्हणे गिऱ्हाइकाला आतली नावं दिसतात. मग ऑब्जकॉपीने सिम्बॉल्स वेगळ्या फाइलीत काढा, जपून ठेवा आणि गिऱ्हाइकाला स्ट्रिप केलेली फाइल द्या.

'जपून ठेवा' हे अनुभवाने सांगतोय. एकदा मीच ते फेकून दिले होते. रात्री गिऱ्हाइकाकडून कोअर फाइल आली, उघडली तर नुसती प्रश्नचिन्हं. तीन रात्री जागलो.

याच फलटणमध्ये निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं याची नोंद नसती तर जमलं असतं? मेंढ्यांची नोंद ठेवतो आपण, आणि पोरांना मात्र नोंदवही फाडून चूक शोधायला बसवतो.

आपल्याकडे कुणाच्याही नावाला 'जी' लावायला कंजुषी नसते. मग सर लोकहो, पहिल्याच तासाला 'हॅलो वर्ल्ड'बरोबर हाही 'जी' शिकवायला काय जातं? आमचं पोर ढ नव्हतं हो. तुम्ही त्याच्या डोळ्याला पट्टी बांधून पळायला लावलं होतं.

असो. ताईला आता वाटतंय की मामाने जादू केली. जादूबिदू काही नाही, एक अक्षर आहे.