मोबाईल नंबर हा पासवर्ड नव्हे

वाय-फायची लहर घराच्या भिंतीपाशी थांबत नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत, जिथे घराला घर लागून आहे, तिथे एका माडीवरचा राउटर शेजारच्या घरांत आणि खालच्या बोळात सहज पोहोचतो. तारेतून जाणारा मजकूर चोरायचा तर तारेला हात घालावा लागतो. लहर ऐकायला फक्त तिच्या टप्प्यात उभे राहावे लागते, आणि कुणी ऐकून गेल्याची खूण मागे राहत नाही. त्यामुळे बिनतारी जाळ्याची सुरक्षा दोन गोष्टींवर टिकते. हवेतून जाणारा मजकूर कूटबद्ध असला पाहिजे आणि जाळ्यात शिरणारा कोण, हे पडताळता आले पाहिजे.

1997 च्या पहिल्या वाय-फाय मानकात कूटबद्धतेसाठी ‘वेप’ ही पद्धत होती. 2001 मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी तिच्यातली मूळ चूक दाखवली, आणि 2007 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी ती मिनिटभराच्या आत फोडली. तिच्या जागी 2003 मध्ये डब्ल्यूपीए, 2004 मध्ये डब्ल्यूपीए2 आणि 2018 मध्ये डब्ल्यूपीए3 आली. भारतात वाय-फायचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला तो 2005 मध्ये. म्हणजे आपल्याकडे घरोघरी राउटर येऊ लागले तेव्हा चांगले कुलूप उपलब्ध होते, पण ते लावण्याची सवय नव्हती. कित्येक राउटर उघडेच चालत.

त्याची किंमत 2008 मध्ये महाराष्ट्रात कळली. 26 जुलैला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसे गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल पोहोचला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका सदनिकेपर्यंत आले. तिथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने संगणक ताब्यात घेतले, चौकशा झाल्या, नाव देशभर गाजले. अखेरीस त्याचा कटाशी संबंध नसल्याचे निष्पन्न झाले. कुणीतरी त्याचे असुरक्षित वाय-फाय वापरून मेल पाठवून निघून गेले होते. ऑगस्टमध्ये तसाच मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेला आणि 13 सप्टेंबरला, दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधल्या एका कंपनीच्या जाळ्यातून. प्रत्येक वेळी पोलिसांची पहिली थाप निरपराधाच्या दारावर पडली. आयपी पत्ता जोडणी कुणाच्या नावावर आहे ते सांगतो, वापरली कुणी ते सांगत नाही.

2009 च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघड्या वाय-फायचा शोध घेण्याची मोहीम आखली आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा देणाऱ्या कंपन्यांना वापरकर्त्याची ओळख नोंदवण्याच्या सूचना दिल्या. आज सार्वजनिक वाय-फायला जोडताना मोबाईलवर ओटीपी येतो, त्यामागे हाच विचार आहे. मात्र इथे एक मोठा गैरसमज आहे. ओटीपीमुळे पोलिसांना उद्या माणूस सापडतो; हवेतून जाणारा मजकूर त्यामुळे झाकला जात नाही. ज्या जाळ्याला जोडताना फोन पासवर्ड विचारत नाही, ते ओटीपीनंतरही बहुधा उघडेच असते.

घरांत आता उघडे राउटर फारसे दिसत नाहीत. दुखणे वेगळ्या ठिकाणी आहे. जोडणी द्यायला आलेला मुलगा विचारतो, “पासवर्ड काय ठेवू?” आणि आतून उत्तर येते, “माझा मोबाईल नंबरच ठेव, लक्षात राहतोय.” डब्ल्यूपीए2 मध्ये फोन आणि राउटर एकमेकांना ओळखतात तेव्हाची देवाणघेवाण बाहेरच्याला टिपता येते. ती घेऊन तो घरी जातो आणि संगणकावर एकेक पासवर्ड लावून पाहतो. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. भारतीय मोबाईल क्रमांक दहा अंकी आणि 6 ते 9 ने सुरू होणारा, म्हणजे सारे मिळून 400 कोटी. चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासते. हे काम काही तासांचे आहे. 2021 मध्ये इस्रायलमधल्या एका सुरक्षा संशोधकाने तेल अवीवमध्ये 5,000 जाळ्यांची अशी माहिती टिपली आणि सुमारे 70 टक्के पासवर्ड शोधून काढले. तिथेही सापडलेल्या पासवर्डांत सर्वाधिक मोबाईल क्रमांकच होते. ‘अंबाबाई’ किंवा ‘चांगभलं’च्या पुढे 123 लावूनही फार फरक पडत नाही, कारण गावचे लाडके शब्द आधी तपासले जातात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि टिकतोही. डब्ल्यूपीए3 मध्ये असा घरी बसून अंदाज लावता येत नाही. राउटर आणि फोन दोन्हींत ती सोय असेल तर तीच निवडावी.

लॉज, यात्री निवास, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका यांचा प्रश्न निराळा. काउंटरमागे पासवर्डचा कागद चिकटवलेला असतो, तो वर्षानुवर्षे बदलत नाही. डब्ल्यूपीए2 चा पासवर्ड ज्याला माहीत आहे, त्याला त्याच जाळ्यातल्या दुसऱ्याची लहर उलगडता येऊ शकते. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप स्वतःही मजकूर कूटबद्ध करतात, म्हणून नुसत्या ऐकण्याने खाते रिकामे होत नाही. खरा धोका त्याच नावाच्या खोट्या जाळ्याचा. फोन ओळखीचे नाव दिसले की आपोआप जोडला जातो, आणि समोर येणाऱ्या बनावट पानावर माणूस स्वतःच्या हाताने माहिती भरतो. पैशाचा व्यवहार मोबाईल डेटावर करावा आणि मुक्काम संपल्यावर ते जाळे फोनमधून काढून टाकावे. मालकानेही पाहुण्यांचे जाळे आणि हिशेबाचा संगणक, सीसीटीव्ही यांचे जाळे वेगळे ठेवावे. बऱ्याच राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतेच.

राउटरच्या आतल्या सेटिंगला वेगळा पासवर्ड असतो, तो बहुधा कारखान्यातला ‘अ‍ॅडमिन’च राहतो. तो बदलावा. डब्ल्यूपीएस ही बटण दाबून किंवा पिन टाकून जोडण्याची सोयही बंद करावी. तिचा आठ अंकी पिन जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत सापडतो, हे 2011 मध्येच उघड झाले आहे.

एवढे सगळे घरातल्या आजोबांनी किंवा महाद्वार रोडच्या दुकानदाराने करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. राउटर देतो तो सेवापुरवठादार, बसवतो त्याचा माणूस. कॅलिफोर्नियात 2020 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना कारखान्यातूनच वेगळा पासवर्ड किंवा पहिल्या वापरात तो बदलण्याची सक्ती आहे. ब्रिटनने 29 एप्रिल 2024 पासून सरसकट एकच पासवर्ड असलेली उपकरणे विकण्यास बंदी केली. कोल्हापुरातल्या केबल आणि ब्रॉडबँड चालकांना अशा कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक राउटरला वेगळा, लांब पासवर्ड देऊन तो पावतीवर छापणे, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलणे आणि डब्ल्यूपीएस बंद करणे ही जोडणीच्या दिवशीची दहा मिनिटांची कामे आहेत. ज्या जुन्या राउटरला कंपनीकडून दुरुस्त्या येणे थांबले आहे, ते वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी बदलून देणेही त्यांच्याच कामात मोडते.