थंडीतली कोरडी भाकरी



गव्हाणीत मोळी पडली की आपले सगळे बोलणे उतारा, तोड आणि दर यांभोवती फिरते. ते रास्तच आहे. पण आज मला दोन शब्द भाजीविषयी लिहायचे आहेत.

माझ्या उसाला तोड आली त्या दिवशी सकाळी फडात गेलो. टोळी न्याहारीला बसली होती. पदरात बाजरीची भाकरी, वर लाल चटणी, आणि ज्याच्या त्याच्या हातात कांदा. एका बाईंना विचारले, "भाजी नाही का केली?" त्या म्हणाल्या, "दादा, बाजाराला जायाला येळ कुठंय? मेथी आणली तर दुसऱ्या दिशी सुकती. चटणी काय नासत न्हाई." टोळीत माळकरी बरेच. म्हणजे अंडी-मटणाचाही प्रश्न नाही. हंगामभर भाकरी, चटणी, कधी पिठले, कधी डाळ.

थंडीत मेथी, पालक, वाटाणा स्वस्त होतो आणि बाजार हिरवागार असतो. नेमक्या त्याच दिवसांत बीड-जालन्याकडून आलेली ही माणसे पहाटेपासून आपल्या रानात राबतात, आणि त्यांच्या ताटात पाला नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाजीपाला खावा म्हणते. कोपीवर तेवढा आठवड्यालाही मिळत असेल का, शंकाच आहे.

बाजरीत लोह चांगले असते, पण ते अंगी लागायला सोबत लिंबू, आवळा किंवा ताजी भाजी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट ते कमीच लागते. फडावर नेमके हेच होते, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाया मोळ्या वाहतात.

कोणी म्हणेल, "ते मुकादमाने बघावे, आपण काय करणार?" करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि खर्च फारसा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी लागण करताना वरंब्यावर मेथी, कोथिंबीर टाकावी. गुंठ्याला अर्धा किलो बी पुष्कळ झाले. महिन्याभरात मेथी खुडायला येते, तोवर उसाला तिचा काही त्रास नाही. मात्र तिथे तणनाशक मारू नये. पूर्वी खुरपताना बायाच पाथरी, घोळ, तांदुळजा ओटीत घालून आणत. तणनाशक आले आणि तण गेले, त्याबरोबर ही भाजीही गेली. आता आपल्या घरीसुद्धा भाजी बाजारातूनच येते, हे कबूल करायला लाज कसली?

हरभरा असेल त्याने शेंडे खुडू द्यावेत. खुडल्याने फांद्या फुटतात, आणि पाला वाळवून ठेवला तर पुढे महिनाभर भाजी होते. मटकी-हुलग्याला मोड आणायचे तर थंडीत जास्त वेळ लागतो. फडके चुलीजवळ टांगले की मोड लवकर येतात. मोडाच्या कडधान्याने ताज्या भाजीची थोडी उणीव तरी भरून निघते.

संचालक मंडळाला एकच विनंती. पुढच्या हंगामाआधी सभासदांना मेथी-पालकाचे बी द्यावे आणि त्याचे पैसे ऊसबिलातून कापावेत. आणि आठवड्यातून दोनदा तरी भाजीची गाडी कोप्यांवर जाईल असे बघावे. शेती खात्याची गाडी तोडीचे बघायला रोज फिरतेच.

जो आपला ऊस तोडतो त्याला आपल्या रानातली एक जुडी मेथी मिळू नये, हे आपल्या सहकाराला शोभत नाही. मी या वर्षी दोन सऱ्या टाकल्या आहेत. तुम्हीही टाका.



— एक ऊस उत्पादक सभासद