फळीला फळी

शाळांच्या प्रदर्शनांत पुठ्ठ्याचे किल्ले आणि मातीची धरणे असतात, तशी अधूनमधून लाकडी जहाजाची प्रतिकृतीही असते. पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम शिडांवर जाते, मग डोलकाठीवर आणि दोरखंडांवर. जहाजाचे पोट निरखून पाहणारा विरळा. वस्तुतः जहाज तरते ते त्या पोटामुळे, आणि ते पोट बनते अरुंद फळ्या एकीला एक भिडवून. या फळ्या बसवण्याचे काम समुद्रापासून दूर असलेल्या आपल्यासारख्या शाळांनीही मुलामुलींच्या हाती द्यावे, आणि तेही प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यातील हौस म्हणून नव्हे, तर शिक्षणाचा भाग म्हणून द्यावे, असे माझे मत आहे. ते पुष्कळांना विचित्र वाटेल. म्हणून त्याची कारणे थोडी विस्ताराने मांडतो.

प्रथम हे काम कसे असते ते पाहू. प्रतिकृतीला एक कणा असतो. त्यावर ठरावीक अंतराने बरगड्या उभ्या करतात. मधल्या बरगड्या रुंद असतात; पुढच्या टोकाकडे, म्हणजे नाळेकडे, त्या निमुळत्या होत जातात. या सांगाड्यावर फळ्या चढवायच्या. एका रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात आणि एकीखाली एक चिकटवीत जावे, असे नवशिक्याला वाटते. तीन-चार फळ्या नीट बसतातही. पुढे मात्र नाळेपाशी त्यांची दाटी होते, त्या एकमेकींवर चढू लागतात आणि कडा उचलल्या जातात.

याचे उत्तर सुतारकामात नाही, गणितात आहे. मधल्या बरगडीची एका बाजूची कड काठापासून कण्यापर्यंत कागदाच्या पट्टीने मोजली आणि ती ९६ मिलिमीटर भरली, असे समजा. नाळेजवळच्या बरगडीची कड ६० मिलिमीटर भरली. फळ्या दोन्ही ठिकाणी बाराच आहेत. तेव्हा प्रत्येक फळी मध्यभागी ८ मिलिमीटर आणि नाळेपाशी ५ मिलिमीटर रुंद हवी. पिछाडीजवळची कड १०८ मिलिमीटर असेल, तर ८ मिलिमीटरच्या बारा फळ्यांनी ती झाकली जात नाही; १२ मिलिमीटर जागा उघडी राहते, आणि ती पाचरीसारख्या निमुळत्या तुकड्यांनी भरावी लागते. टरबुजाची खाप सालीच्या बाजूने पाहावी. ती मध्ये रुंद आणि टोकांना अरुंद दिसते. जहाजाची फळीही याच न्यायाने कापायची असते. सरळ दिसणारी बाजू सरळ पट्ट्यांची नसते, हे एकदा हाताला कळले म्हणजे गुणोत्तराचा धडा पुन्हा घोकावा लागत नाही.

एवढ्याने भागत नाही. नाळेकडच्या बरगड्यांच्या कडा कानशीने तिरप्या घासून घ्याव्या लागतात, म्हणजे फळी नुसत्या धारेवर न टेकता पूर्ण अंगाने टेकते. फळी पाण्यात भिजवून, मंद आचेवर शेकून हळूहळू वाकवावी लागते. घाई केली की ती मोडते. शिवाय एक फळी डाव्या बाजूस बसवली की दुसरी उजव्या बाजूस बसवायची. एकीकडच्याच फळ्या भराभर लावीत गेल्यास त्यांच्या ताणाने कणाच पिळवटतो, आणि मग ते जहाज पुढे कितीही रंगवले तरी वाकडे ते वाकडेच राहते. दुसऱ्या फळीत केसभर राहिलेला दोष दहाव्या फळीत बोटभर होतो. वहीतील चूक शिक्षकाने लाल शाईने दाखवावी लागते. ही चूक फळी स्वतःच दाखवते, रागावत नाही आणि क्षमाही करीत नाही. चारित्र्याच्या शिक्षणाविषयी आपण व्याख्याने पुष्कळ देतो. इतके निःपक्षपाती व्याख्यान मात्र मला दुसरे माहीत नाही.

आता मुख्य कारणाकडे वळू. फळी बसवण्याचे ज्ञान पुस्तकात पूर्णपणे मावत नाही. याचे ताजे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. तसे जहाज पुन्हा बांधावे, असे ठरून जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारचे संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात करार झाला. चित्र होते, पण आराखडा नव्हता. चित्रकाराने जहाजाचे बाह्य रूप रंगवले. आतल्या बरगड्या किती, फळ्यांची जाडी किती, सांधा कसा, हे चित्र सांगत नाही. नौदलाने मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे साहाय्य घेऊन प्रतिकृतीवर चाचण्या केल्या. मोठ्या जहाजाच्या आधी लहान जहाज लागलेच! मात्र प्रत्यक्ष फळ्या जोडावयास केरळातील पारंपरिक कारागीर आणावे लागले. बाबू शंकरन हे त्यांचे प्रमुख.

या जहाजाच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत, आणि सांधे काथ्या व राळ यांनी बुजवलेले आहेत. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण निबंधात सर्रास वापरतो. तो सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याची हीच दोरी. माझ्या कोकणी मातृभाषेतही ती ‘सुंब’च. हिंदी महासागरावरील कित्येक शतकांचा व्यापार अशा दोरीने शिवलेल्या जहाजांतून चालला, हे मात्र त्या निबंधात कधी येत नाही. शिवून जहाज बांधण्याच्या परंपरेत आधी फळ्या जोडून कवच उभे करतात आणि बरगड्या मागाहून बसवतात. म्हणजे जहाजाचा आकार कागदावर नसतो, सांगाड्यावरही नसतो; तो बांधणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. ते जहाज फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरले, २१ मे २०२५ रोजी आपल्याच राज्यातील कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले, आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोचले. त्याची लांबी अवघी १९.६ मीटर आहे. ही विद्या जाणणारे हात उरले नसते, तर अजिंठ्याचे जहाज भिंतीवरच राहिले असते. हातांतून हातांत जाणारे ज्ञान एका पिढीने घेतले नाही, तर पुढच्या पिढीला ते मागूनही मिळत नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘हे गोव्याला आणि कोकणाला ठीक आहे, बीदर-कलबुर्गीच्या मुलांना समुद्राशी काय कर्तव्य?’ आपला इतिहास याच्या उलट साक्ष देतो. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान इराणातून समुद्रमार्गे दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बीदरला आला. बीदरमधील त्याचा १४७२ सालचा मदरसा आजही आपण सहलीला जाऊन पाहतो. त्याच वर्षी त्याने गोवा बंदर बहामनी राज्यास जोडले, ते दख्खनच्या व्यापारासाठी. त्याच काळात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझकडून एक घोडा घेऊन जहाजाने चौलला उतरला, आणि जुन्नरमार्गे चालत येऊन त्याने तो घोडा बीदरमध्ये विकला. बीदरच्या बाजारात उभा असलेला तो घोडा लाकडी फळ्यांवरून समुद्र ओलांडून आला होता. होर्मुझकडची जहाजे काथ्याने शिवलेली असतात आणि त्यांतून जाणे धोक्याचे आहे, असे मार्को पोलोने त्याच्याही सुमारे पावणेदोन शतके आधी लिहून ठेवले आहे. समुद्र आपल्यापासून दूर आहे, पण तुटलेला कधीच नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो सहसा उघडपणे कोणी बोलून दाखवीत नाही. ‘मुलगा शाळेत शिकावयास पाठवला, सुतारकाम करावयास नव्हे,’ असे पालकांच्या मनात असते. हाताच्या कामाला कमी लेखण्याची ही खोड आपल्यात जुनी आहे. परंतु याच बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणला बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती जे शरण जमले, त्यांनी ‘कायक’ म्हणजे श्रम हीच पूजा मानली. त्यांत अंबिगर चौडय्या हे नावाडी होते आणि मेदर केतय्या हे बांबूकाम करणारे होते. अनुभवमंटपात त्यांचा शब्द पंडितांच्या शब्दाइतकाच मानला गेला. आपल्या मराठी संतमेळ्यातही गोरोबा मडकी घडवीत आणि सावतोबा मळा शिंपीत. आजही बीदरी काम करणारा कारागीर जुन्या किल्ल्यातील माती जिभेवर ठेवून पारखतो, आणि त्याच मातीने धातू काळा करून त्यावरील चांदीचे नक्षीकाम उठवतो. त्या पारखीला कोणती परीक्षा मोजणार? महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायाभोवती शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडून शिकवावे, असे सुचवले आहे. विचार नवा नाही. त्यासाठी तास राखणे तेवढे नवे होईल.

परीक्षेच्या चिंतेने तासच काढून घेतले जातात, हे मी जाणतो. म्हणून माझी सूचना माफक आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींचे सहा-सहांचे गट करावेत. प्रत्येक गटाने वर्षभरात, आठवड्यातून एक तास देऊन, हातभर लांबीचे एकच जहाज बांधावे. तयार साच्यांची पेटी विकत आणू नये. तीत प्रत्येक फळी आधीच मोजून कापलेली असते, आणि मोजणे हेच तर शिकावयाचे आहे. बरगड्यांना प्लायवुडचे उरलेले तुकडे पुरतील. फळ्यांना बांबूच्या कामट्या उत्तम; त्या शेकल्या की वाकतात आणि वाकल्या की तशाच राहतात. कामट्या तासणे शिकवण्यासाठी गावातील बुरडाला सन्मानाने वर्गात बोलवावे, आणि मुलांनी त्यांना ‘गुरुजी’ म्हणावे. सरस वाळेपर्यंत फळी धरून ठेवावयास कपड्यांचे चिमटे चालतात. एखाद्या गटाला हौस असेल, तर त्याने फळ्यांना बारीक भोके पाडून त्या दोऱ्याने शिवूनही पाहाव्यात. गुण देऊ नयेत. वाकडी बसलेली फळी काढून पुन्हा बसवण्याची मुभा मात्र प्रत्येकाला असावी.

या तासाला आणखी एक लाभ होईल, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्येक वर्गात शेवटच्या बाकावर अशी काही मुले असतात, ज्यांना उत्तर लिहिता येत नाही, पण ज्यांची नजर अचूक असते. वडिलांबरोबर रंधा मारलेली, आईबरोबर टोपल्या विणलेली ही मुले वर्षानुवर्षे स्वतःला मंद समजत शाळेत बसतात. फळी बसवताना पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला त्यांच्याकडे वळून ‘ही कशी वाकवायची रे?’ असे विचारावे लागेल. तो प्रश्न विचारण्यात पहिल्याचे काही कमी होणार नाही, आणि दुसऱ्याला मात्र शाळा आपलीही आहे असे प्रथमच वाटेल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांना जहाजे बांधावयाची नाहीत. कोणी शेती कराल, कोणी व्यापार, कोणी कचेरीत बसाल. पण जेथे जाल तेथे पुष्कळ लहान गोष्टी एकीला एक भिडवूनच मोठे काम उभे राहील. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू सारख्या सांभाळाव्या लागतील. आणि न दिसणारा सांधा दिसणाऱ्या शिडाइतकाच मनापासून साधावा लागेल. ही सवय लहानपणी हाताला लागली, तर ती जन्मभर साथ देते. ती लावण्यासाठी आठवड्याचा एक तास शाळेने आणि पालकांनी मिळून द्यावा, एवढीच विनंती.