गाडीची शोभा की पाठीचा कणा?

सुट्टीहून परतलेल्या मुलांच्या गप्पांत हल्ली कुणाच्या तरी थोरल्या भावाच्या गाडीतला लाल, चार पट्ट्यांचा हार्नेस असतो. शाळेच्या अंकात हा विषय कशाला, असे पालकांना वाटेल. पण याच मुलांपैकी अनेक जण उद्या पहिल्या पगारातून गाडी घेतील.

माझे मत असे की रस्त्यावर गाडीचा मूळ तीनबिंदू पट्टाच हवा. तो एअरबॅगच्या जोडीने काम करील अशा बेताने बनवलेला असतो. हार्नेस ट्रॅकसाठी, तोही रोल बार असेल तरच. गाडी उलटून छप्पर दबले, तर मूळ पट्ट्यातले शरीर थोडे बाजूला कलते. हार्नेसमध्ये ते ताठ जखडलेले राहते आणि भार डोक्यावर व मानेवर येतो.

खरी गोची होते ती आतली सजावट जपण्याच्या हट्टाने. भोक पाडायचे नाही म्हणून खांद्याचे पट्टे सीटवरून थेट खाली, मागच्या सीटच्या पट्ट्यांच्या बोल्टला नेऊन बांधतात. गालिचा शाबूत राहतो, पण धडकेत ते पट्टे खांदे खाली दाबतात आणि सगळा भार पाठीच्या कण्यावर येतो. हे पट्टे खांद्यामागे शक्य तितके आडवे जावेत. उतार 45 अंशांपलीकडे कधीच नको. त्यासाठी रोल बारला खांद्याच्या उंचीवर आडवी नळी लागते. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर बसावा. चार पट्ट्यांचा हार्नेस घट्ट आवळला की कमरेचा पट्टा वर ओढला जातो आणि शरीर त्याखालून पुढे घसरू शकते. म्हणून मांड्यांमधून जाणारे पट्टे असलेला सहा पट्ट्यांचा घ्यावा.

त्या पट्ट्यांसाठी मूळ सीटला छिद्र नसते. ती कापू नये. पुष्कळ गाड्यांत सीटच्या कुशीतच एअरबॅग असते. मूळ सीट काढून घरी झाकून ठेवावी व शर्यतीची सीट बसवावी. हे काम जाणत्या कार्यशाळेतच, बॅटरी सोडवून व्हावे. कमरेच्या पट्ट्यासाठी कंपनीचे बोल्ट शक्य तिथे वापरावेत. नवे भोक लागलेच, तर पत्र्याखाली जाड पोलादी पट्टी हवीच. नुसत्या पत्र्यातून बोल्ट उपटून येतो. गालिच्याला बोल्टपुरता छोटा छेद पुरतो. प्लास्टिकचे पॅनेल स्क्रूड्रायव्हरने उचकटू नयेत, त्यासाठी प्लास्टिकची पट्टी मिळते. मूळ बोल्ट चिठ्ठी लावून पिशवीत ठेवले, तर गाडी विकताना सारे जागच्या जागी बसवता येते.

हार्नेस धड धरतो, डोके नाही. 2001 मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेले, तेव्हा त्यांनी हार्नेस बांधलेला होता. त्याच वर्षी नॅस्करने डोके व मान सावरणारे उपकरण सक्तीचे केले. हार्नेसच्या खर्चात तेही धरा. लेबलवरची मुदत संपलेला किंवा एकदा अपघात सोसलेला हार्नेस स्वस्तात मिळाला, तरी घेऊ नका.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. रोल बार बसवलेल्या गाडीत मागच्या सीटवर धाकट्या भावंडांना बसवू नका. जोराचा ब्रेक लागला, तर त्यांचे डोके थेट त्या नळीवर आपटेल.