पै-पैचा हिशेब भाषेला जमतो का?

मोठ्या कारभाराचं सॉफ्टवेअर कुठल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहावं, ही चर्चा निघाली की गाडी वेगावर आणि 'सध्या मार्केटमध्ये काय चालतं' यावर येते. मी पुण्यात पतसंस्थांची सॉफ्टवेअर लिहिते. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: या भाषेला पैसे मोजता येतात का?

बहुतेक भाषांत 0.1 आणि 0.2 यांची साधी बेरीज 0.30000000000000004 येते. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि 0.1 त्यात नेमका बसतच नाही. 1.005 रुपये जवळच्या पैशापर्यंत पूर्णांकित करायला गेलं, तर 1.01 ऐवजी 1.00 हाती पडतात. ठेवीदाराचा पैसा गेला आणि कुणाला कळलंही नाही! कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने 1982 मध्ये 1000 अंकांवर निर्देशांक सुरू केला. दर वेळी तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक छाटले जात होते. नोव्हेंबर 1983 मध्ये निर्देशांक 524 दिसत होता. नीट मोजल्यावर 1098 निघाला.

कोबोलने 1959 पासूनच दशमान हिशेब भाषेच्या गाभ्यात ठेवला. जावात त्यासाठी बिगडेसिमल आहे, पायथनमध्ये डेसिमल. अशी सोय अंगभूत नसेल, तर घाईत प्रोग्रॅमर सोपी वाट धरतो आणि ताळेबंद चुकतो.

पैशाखालोखाल खातेदाराचं नाव. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरी दिसतं; युनिकोडच्या लेखी ती दहा चिन्हं आणि यूटीएफ-8 मध्ये तीस बाइट. बाइट मोजून नाव तोडणारी प्रणाली पासबुकावर भलतंच छापते. तिसरी गोष्ट व्यवहाराची: एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर वजावटही रद्द व्हायला हवी. हे काम डेटाबेसचं, पण ते त्याला बिनचूक सांगण्याची सोय भाषेत हवी.

अभियांत्रिकीच्या वर्गात 'बँक खाते' हा सराव हमखास असतो आणि शिल्लक बहुधा 'फ्लोट' किंवा 'डबल' या द्विमान अपूर्णांकाच्या प्रकारांत ठेवली जाते. प्राध्यापकांनी हे आजच बदलावं. पतसंस्थांच्या संचालकांनीही नवी प्रणाली घेताना विक्रेत्याला विचारावं, की रक्कम कुठल्या प्रकारात साठवता आणि पूर्णांकन कुठल्या नियमाने करता? उत्तर लेखी घ्यावं आणि मगच करारावर सही करावी.