दोष सुनेच्याच माथीं कां?

विदर्भांत व खानदेशांत सिकलसेल या रक्तविकारानें पीडलेलें मूल एखाद्या घरांत जन्मास आलें, म्हणजे अपराधी कोण हें पुष्कळदां आधींच ठरलेलें असतें. सून पांढऱ्या पायाची, तिच्या माहेरचें रक्त वाईट, असा निवाडा पुराव्यावांचून दिला जातो.

हा निवाडा शास्त्राच्या कसोटीस क्षणभरहि टिकत नाहीं. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूनें ब्रनो येथील मठाच्या बागेंत वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ सालीं असें दाखविलें कीं, एकेका गुणाचे दोन अंश संततीस मिळतात; एक मातेकडून, दुसरा पित्याकडून; आणि त्यांतील एखादा अंश वरून न दिसतां दडून राहूं शकतो. सिकलसेलची गोष्ट अशीच आहे. एकच सदोष अंश असलेला मनुष्य 'वाहक' होय. तो सामान्यतः धडधाकट असतो. दोन्ही अंश सदोष मिळाले म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व वेदना आणि पांडुरोग जडतो. सबब त्या मुलास एक अंश बापानेंहि दिलेला असतो. आईस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणाऱ्यांनीं बापासहि तेथें उभें करावें. किंवा, आमच्या मतें, दोघांसहि सोडावें, कारण अजाणतां दिलेला वारसा हा अपराध नव्हे.

दोघेहि वाहक असल्यास प्रत्येक खेपेस मूल आजारी निघण्याचा संभव चारांत एक, वाहक निघण्याचा चारांत दोन, व निर्लेप निघण्याचा चारांत एक असतो. एक आजारी झालें, आतां पुढचीं तीन सुखरूप, ही समजूत खोटी आहे. फांसा दर वेळीं नव्यानेंच पडतो. उलट, वाहकाचा जोडीदार या बाबतींत सर्वस्वी निर्दोष रक्ताचा असेल तर हा आजार मुलांत उतरत नाहीं. मग वाहक मुलीचें लग्न मोडण्यास आधार कोणता?

१ जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें शहडोल येथें सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटि लोकांची तपासणी हा तिचा संकल्प आहे. संकल्प स्तुत्य खरा. पण तपासणीचा कागद पेटींत दडवून पत्रिका तेवढी पुढें करणाऱ्या समाजापुढें सरकार काय करणार? हा विकार आदिवासींत विशेष आढळत असला तरी इतर जाती त्यांतून सुटलेल्या नाहींत. म्हणून तपासणी मुलीइतकीच मुलाचीहि व्हावी, बोलणीं पुढें जाण्यापूर्वीं व्हावी, तिचा गांवभर बोभाटा होऊं नये, आणि निर्णय त्या दोघांचा असावा. छत्तीस गुण जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हा सदतिसावा गुण आधीं पाहावा, इतकीच आमची विनंति आहे.