दमकलच्या शेजारी घर घ्यावे काय?

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर संसार थाटून मला तीस वर्षे झाली. आता आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत. म्हणून तळमजल्याचे एखादे घर घ्यावे, असे आमच्या कुटुंबात ठरले. पांढुर्ण्यात चार-पाच घरे पाहिली. त्यांपैकी एक सर्वांच्याच मनात भरले. ऐसपैस अंगण, विहिरीला बारमाही पाणी, दवाखाना पायी दहा मिनिटांवर आणि किंमतही आवाक्यातली. ती इतकी आवाक्यात का, हे दलालाने अगदी शेवटी सांगितले. नगरपालिकेची अग्निशामक गाडी, म्हणजे आपल्याकडील लोकांच्या तोंडची ‘दमकल’, त्या घरापासून शंभरेक पावलांवर उभी असते.

मित्रमंडळींचा सल्ला एकमुखी होता : ‘‘डॉक्टरसाहेब, रात्रीची झोप जाईल, आणि पुढे विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळणार नाही.’’ आपल्या मंडळातील अनेक सभासद आज घर बांधण्याच्या वा घेण्याच्या विचारात आहेत. म्हणून या प्रश्नाचा मी केलेला विचार स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम आवाजाचा आक्षेप घेऊ. तो खोटा नाही. आपल्या देशातील सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घालून दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपेच्या खोलीतील एकेका आवाजाचा कळस ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. आता भोंग्याचा आवाज तीन मीटरवर ११० डेसिबल धरला, तर अंतर दुप्पट झाले की तो सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणजे शंभर मीटरवर तो ८० च्या आसपास उरतो. खिडक्या बंद केल्या तरी झोपलेला माणूस जागा होईल, यात शंका नाही. माझी आई रक्तदाबाची रुग्ण आहे आणि वडील गेल्यापासून तिची झोप सावध झाली आहे. त्यामुळे हा हिशेब माझ्यासाठी केवळ कागदावरचा नव्हता.

परंतु रुग्णाला औषध देताना आपण मात्रेबरोबर वारंवारताही पाहतो. भोंगा किती मोठा वाजतो याइतकेच तो कितीदा वाजतो, हेही महत्त्वाचे आहे. आपल्या भागात आगीला ऋतू असतो. हिवाळ्यात जिनिंगमध्ये कापसाबरोबर आलेला खडा वा खिळा यंत्रात ठिणगी पाडतो. चैत्रात गव्हाची धसकटे पेटतात आणि त्यांतून कडब्याच्या गंजी व गोठे धरतात. वैशाखात तापलेल्या विजेच्या तारांची भर पडते. म्हणून मी घरमालकाची परवानगी घेऊन चैत्रातच तीन रात्री त्या घरात निजलो. गाडी एकदाच निघाली, आणि चालकाने भोंगा वाजवला तो चौकात पोहोचल्यावर. ज्यांना अशी सोय नसेल त्यांनी शेजाऱ्यांना विचारावे. वर्षभरात गाडी कितीदा निघाली, हे माहितीच्या अधिकाराखालीही विचारता येते.

दुसरी बाजू मिनिटांची आहे. फोमच्या गाद्या आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे असलेली आजची खोली चार-पाच मिनिटांत संपूर्ण पेट घेऊ शकते. गाडी ताशी ३० किलोमीटर वेगाने आली, तर प्रत्येक किलोमीटरला दोन मिनिटे जातात. अनेक वर्षांपूर्वी सौंसरकडील एका खेड्यातून भाजलेला मुलगा माझ्याकडे आणला होता. गोठ्याला आग लागली, वासरू सोडवायला तो आत शिरला. बंब निघाला होता, पण वाट लांबची होती. दोष कुणाचाच नव्हता. दोष अंतराचा होता. घरच्यांनी त्याच्या हातांना दंतमंजन फासले होते. वीस मिनिटे वाहते पाणी सोडायला त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. त्या मुलाची बोटे पुढे पुरती मिटली नाहीत. ती बोटे मी विसरू शकलो नाही, आणि घराचा निर्णय घेताना ती माझ्या डोळ्यांपुढे होती.

तरीही दमकल शेजारी आहे म्हणून निर्धास्त राहणे, ही घोडचूक ठरेल. शहराची गाडी खेड्यांच्या हाकेलाही धावते. आपल्या घरी आग लागेल तेव्हा ती दहा कोसांवर असू शकते. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली. १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपूरच्या खाजगी रुग्णालयात आठ जणांचा मृत्यू झाला. ही दोन्ही शहरे अग्निशमन दलाविना नव्हती. तेव्हा वायरिंगची तपासणी, विद्युतगळती रोखणारे उपकरण, उघडणाऱ्या जाळ्या, बाहेर पडायला दुसरे दार आणि चालू स्थितीतील अग्निशामक नळकांडे, ही जबाबदारी घरमालकाची आणि दवाखाना चालवणाऱ्या आपणा सर्वांचीच आहे.

मला अधिक चिंता वाटते ती पुढची. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. वस्ती वाढेल, जमिनीचे भाव चढतील आणि ‘हा भोंगा गावाबाहेर हलवा’ अशी मागणी कधीतरी पुढे येईल. त्या अर्जावर डॉक्टरची सही असता कामा नये. गोटमारीच्या दिवशी उपचाराची पथके जांब नदीच्या काठीच ठेवावी लागतात. जवळ असणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? आपल्या रुग्णवाहिकांचे भोंगे आणि मध्यरात्री दार ठोठावणारे नातेवाईक आपल्या शेजाऱ्यांनीही सोसलेच आहेत.

अखेरचा निर्णय मी आईवर सोपवला. ती म्हणाली, ‘‘वाजू दे ना बाप्पा. कोनाच्या तरी कामालेच चालली असन ना ते गाडी.’’

घर आम्ही घेतले. आईची खोली मागील अंगणाकडे ठेवली आणि रस्त्याकडील खिडक्यांना दुहेरी काच बसवली. वास्तुशांतीला दमकलचे कर्मचारी जेवायला आले होते. त्यांच्याकडून घरातील प्रत्येकाने नळकांडे चालवायला शिकून घेतले, आईनेही.